वरचा कप्पा

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी, प्रार्थनेची एक छोटीशी खोली होती आणि तिची एक किल्ली असे ऑफिसात, दुसरी सिस्टरच्या खिशात. त्या सकाळी सिस्टरने दार ढकललं आणि तिच्या काळजात धस्स झालं. एक तरुण माणूस फरशीवर पालथा पडला होता! दुसरी कोणी असती तर किंचाळली असती. ही सवयीने गुडघ्यांवर बसली, त्याचं मनगट पकडलं आणि घड्याळाकडे बघत ठोके मोजायला लागली.

"जिवंत आहे हो मी," पालथा माणूस म्हणाला. "फरशीला उतार आहे का बघत होतो. कपाट बनवायला आलोय... सुतार."

सिस्टरचे कान लाल झाले. पण मोजणी अर्धी सोडेल तर ती सिस्टर कसली! "बोलू नका. एकशे दहा? एवढी का पळतेय नाडी?"

"मघापर्यंत बरी होती—"

आता असल्या उत्तरावर कोणत्याही शहाण्या मुलीने रागवावं. तीही रागावली, अगदी जिना उतरेपर्यंत. खाली पोहोचली आणि एकटीच हसत सुटली.

कपाट हवं होतं तीन पुस्तकांसाठी. त्या खोलीत शुक्रवारी कुराण वाचणारे येत, शनिवारी ज्यूंचा धर्मग्रंथ तोरा वाचणाऱ्या एक आजी येत आणि रविवारी बायबलवाले. सिस्टर रविवारची, सुतार शुक्रवारचा. आजवर तिन्ही पुस्तकं एका खुर्चीवर एकावर एक रचलेली असत. जो येई तो जाताना हळूच आपलं सगळ्यात वर ठेवून जाई. कोणी कोणाला चकार शब्द बोलत नसे, पण खुर्चीवरचा क्रम मात्र दर आठवड्याला तीनदा बदले!

आठ दिवसांत कपाट आलं. तीन कप्पे, कडा अशा गुळगुळीत की हात फिरवत राहावंसं वाटावं. सिस्टरने बायबल वरच्या कप्प्यात ठेवायला घेतलं. जाईना. आजींचं जाडजूड पुस्तक तर शिरायचं नावच घेईना. सुताराचं कुराण मात्र अलगद आत गेलं.

"काय हो सुतार, हा काय प्रकार?"

त्याने टेप लावली, पुन्हा लावली आणि त्याचा चेहरा पडला. "देवाशपथ मुद्दाम नाही केलं. हात आपोआप गेला."

"हात असे आपोआप जातात वाटतं?"

"माप घ्यायला आलो तेव्हा खाली दबलेलं तुमचं पुस्तक तुम्ही ओढून काढलंत आणि पहिलं माझ्या हातात दिलंत. तेही आपोआपच ना?"

खरंच होतं ते.

त्याने कपाट मोडलं आणि एकच लांब फळी ठोकली. सगळे एका ओळीत, मिटलं भांडण! कसलं मिटतंय... पहिली जागा डावीकडून मोजायची की उजवीकडून? सिस्टरचं वाचन डावीकडून, बाकी दोघांचं उजवीकडून. शेवटी आजी म्हणाल्या, "माझं मधे ठेवा बाई, मला दोन्हीकडून सारखंच. पण इतक्यात मिटवू नका रे. काम संपलं तर हा यायचा कसा?"

काम संपलं तरी तो येत राहिला. एकदा म्हणाला, बिजागरी करकरत असेल, तेल घालतो. नुसत्या फळीला कसली बिजागरी! सिस्टरने त्याला तसं सांगितलं नाही. तिने त्याला चहा पाजला. मग रोजच पाजला. 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. सहा महिन्यांनी त्याने कानावर खोचलेली पेन्सिल काढत, फिरवत, पुन्हा खोचत कसंबसं विचारलं, "माझ्याशी... लग्न करशील?"

तिला त्याच क्षणी हो म्हणायचं होतं. पण घरी बाबा होते. आईविना एकट्याने तिला वाढवलेले.

दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यावर बसली होती. डोळे सुजलेले. तो एक पायरी सोडून खाली बसला.

"बाबा म्हणतात, आपला देव खरा आहे एवढं त्याने म्हणावं. मग माझी ना नाही. आणि तिन्ही खरे असलं गुळमुळीत त्यांना चालणार नाही."

"तेवढं बरोबर बोलतात. एक पुस्तक म्हणतं देवाला मुलगा आहे, दुसरं म्हणतं नाही. एकाच फळीची दोन मापं कशी खरी असतील?"

"मग कोणाचं खरं?"

"माझं," तो हळूच म्हणाला. "तुझ्या मते?"

"माझं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एरवी हसले असते.

"नुसतं म्हणून टाक ना रे बाबांसमोर... एकदाच."

"तू म्हणशील माझ्या आईसमोर?"

तिने मनात म्हणून पाहिलं. खोटं बोलून याच्या घरात पाऊल टाकायचं? तिला रडूच फुटलं.

"तुझं खरं निघालं तर मी कुठे जायचं? आणि माझं निघालं तर तुझं काय होणार? मला वर स्वर्गात एकटीला नको काही..."

तो वर सरकून तिच्याच पायरीवर बसला. मग म्हणाला, "आमच्या पुस्तकात आहे, इब्राहीम, तुमचा अब्राहाम, देवाशी भांडला. एका पापी शहरासाठी."

"आमच्याकडे आकड्यांसकट आहे," ती नाक पुसत म्हणाली. "पन्नास भले लोक असले तर शहर वाचव म्हणाला. मग चाळीस, मग तीस... घासाघीस करत दहावर आणलं देवाला. आजींच्या पुस्तकातही तसंच."

"देव रागावला?"

"नाही. ऐकत गेला."

"मग झालं तर. माझं खरं निघालं तर तुझ्यासाठी मी भांडेन. दारातून हलणारच नाही. आणि तुझं निघालं तर..."

"...तर मी भांडेन," ती म्हणाली. "तुला कळतंय का, तो दहावर थांबला. आपल्याला एकावर आणायचंय."

"एकासाठीच तर भांडायचंय."

सिस्टरने त्याचा हात हातात घेतला. या वेळी ठोके मोजले नाहीत.

"हो," ती म्हणाली. "कालच्या प्रश्नाचं उत्तर. आता ऊठ, बाबांकडे जाऊ. तू तिथे खोटं बोलायचं नाहीस, काहीच बोलायचं नाहीस."

"मग बोलणार कोण?"

"मी. देवाचं नंतर बघू. आधी बाबांशी घासाघीस करून बघते."