रॅक बांधायचा राहिला

पहिल्यांदा ती तिसऱ्या मजल्यावर गेली ती भांडायलाच. ती त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची. खाली तिची गाडी उभी असायची आणि बरोबर वर पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या गॅलरीत, कठड्यावर कललेला लोखंडी रॅक. त्यात पुठ्ठ्यांच्या थप्प्या, खळीचे डबे, पुस्तकं दाबायची वजनं, सगळं कोंबलेलं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. तिरकं काही तिला बघवत नसे. दार उघडलं ते कोपरापर्यंत खळ माखलेल्या माणसाने, आणि भांडण तिच्या तोंडातच राहिलं.

"तुमचा रॅक... कललाय."

"रॅक कललाय, की तुमचा नंबर वाढलाय?"

"माझा नंबर ठीक आहे. तेवढा रॅक बांधून घ्या."

"बांधतो की," तो म्हणाला – आणि हसला.

त्या हसण्यानेच घात केला. बांधतो म्हणाला आणि बांधला नाही. चार दिवसांनी ती पुन्हा वर गेली, मग आठवड्याने पुन्हा... एकदा त्याने तिच्यासाठी स्टूल पुसून ठेवलं होतं. एकदा ती नुसती दारात उभी राहून अर्धा तास बोलली, आणि खाली आल्यावर काय बोललो ते तिला आठवेना. अशा सहा चकरा झाल्या. रॅक जागचा हलला नाही, आणि दोघांपैकी कुणालाच त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं, हे आपलं आपल्यात.

मग एका दुपारी वादळी वारा सुटला आणि रॅक गाडीवर आला. टप सीटपर्यंत दबला, काचा फुटल्या, स्टिअरिंग वाकलं. गाडीत कुणी नव्हतं म्हणून सगळ्या इमारतीने देवाचे आभार मानले. तिने नाही मानले. तिच्या वडिलांची, अण्णांची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी होती. आठवड्यातून तीन दिवस ती त्यांना त्याच गाडीतून डायलिसिसला न्यायची आणि त्या दिवशी चारची वेळ होती. रस्त्यांवर झाडं आडवी झालेली, भाड्याची गाडी मिळेना, अँब्युलन्स पोहोचेना. वेळ चुकली. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या फुप्फुसात पाणी भरलं आणि ते अतिदक्षता विभागात गेले.

बाइंडर रोज इस्पितळात येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसायचा. ती त्याच्याकडे बघायचीही नाही. फक्त एकदा समोर उभं राहून तिने त्याला विम्याच्या माणसासमोर काय बोलायचं ते पढवलं. तिच्या गाडीचा विमा दुसऱ्याच्या नुकसानीपुरता होता, त्यातून तिला दमडी मिळणार नव्हती. त्याच्या घराच्या विम्यात मात्र शेजाऱ्याची भरपाई होती. तिथेही मेख होतीच. नुसत्या वाऱ्याने पडला म्हटलं तर कुणीच देणार नाही. हयगय झाली म्हटलं तर कंपनी देणार. आणि जाणूनबुजून झालं म्हटलं तर पुन्हा हात वर. तेव्हा त्याने एवढंच म्हणायचं – सांगितलं होतं, आळस केला. त्या भरपाईतून गाडी उभी राहिली, तर अण्णांची एकही वेळ पुन्हा चुकणार नव्हती.

पाचव्या दिवशी विमा कंपनीचा सर्व्हेअर बाइंडरच्या खोलीत येऊन बसला, तीही तिथे होती. पिकल्या केसांचा, सावकाश लिहिणारा माणूस. बाइंडरने पाठ केल्यासारखं सांगून टाकलं.

"किती वेळा सांगितलं होतं?"

"सहा."

सर्व्हेअरचं पेन थांबलं. सहा वेळा आळस? मग तो तिच्याकडे वळला. आवारात भिंतीकडची गाडी लावायची जागा कायम रिकामी असते असं वॉचमन म्हणाला होता. धोका दिसत होता तर गाडी तिकडे का नाही लावली? तिकडे ऊन लागतं, हे उत्तर तिने तयार ठेवलं होतं. ऐन वेळी ते बाहेरच पडेना. मग दोष तुमचाही धरावा लागेल, असं म्हणून तो लिहायला लागला.

"त्यांच्यावर नका घालू," बाइंडर म्हणाला. "मी मुद्दाम नाही बांधला. बांधला असता तर... त्या पुन्हा वर आल्या नसत्या."

सर्व्हेअरने दोघांकडे पाहिलं, उसासा टाकला आणि शब्दन् शब्द उतरवून घेतला. ऐकलेलं न लिहिणं आपल्याला जमत नाही, असं त्याने अगदी दिलगिरीने सांगितलं. बाइंडरने सही केली. भरपाई तिथेच बुडाली.

सर्व्हेअर गेल्यावर ती खालच्या आवाजात बोलायला लागली.

"दोन वाक्यं पाठ करायची होती तुम्हाला. दोन."

"तुमच्यावर दोष घालत होता तो."

"घालू द्यायचा. खोटा होता का?" ती म्हणाली. "गाडी भिंतीकडे लावली असती तर मला वर यायला कारणच उरलं नसतं. आपण इथे गोड गोड बोलत होतो आणि अण्णा तिकडे नळ्या लावून पडलेत. तुमचं तोंड बघवत नाही मला. आणि तुम्ही बाकावर दिसला नाहीत, तर जीव थाऱ्यावर राहत नाही. काय करू मी?"

तो पांढराफटक पडला होता. त्याने विचारलं, "मी ही खोली सोडून जाऊ का?"

"खबरदार जाशील तर." तिने डोळे पुसले. अण्णा घरी आले की त्यांना जिन्यावरून उचलून न्यावं लागेल, ते तिला एकटीला झेपणार नव्हतं, असं तिने सांगून टाकलं. "पण त्याआधी त्यांना सगळं सांगायचं. रॅक कुणामुळे पडला, कशापायी पडला. दोघांनी मिळून सांगायचं."

"आणि ते रागावले तर?"

"रागावू देत ना," ती म्हणाली. "रागावण्याइतके शुद्धीवर आले, तर मी जन्मभर ऐकून घेईन. तुलाही ऐकावं लागेल."

भेटीची वेळ चारची होती. दोघं बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली. तिथे तिने त्याचा हात धरला, तो अण्णांच्या खाटेपर्यंत सोडला नाही.