अण्णांनी सांगितलेलं तिसरं माप

गोष्टी रचायला जे डोकं लागतं ते माझ्याकडे नाही. मी टेलर आहे. इंच आणि सूत यापलीकडे मला फारसं कळत नाही. त्यामुळे घडलं तसंच सांगतोय. पटलं तर ठेवा, नाहीतर सोडून द्या.

पाच वर्षं झाली. सोमवारची दुपार. हॉस्पिटलचा तिसरा मजला, पुरुषांचा वॉर्ड, खिडकीपासून दुसरी खाट.

खाटेवर माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो.

शनिवारी सकाळपर्यंत ठणठणीत होते. कापड बेतता बेतता टेबलावरच कोसळले. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला सूज आहे. बहात्तर तास काही सांगता येणार नाही."

रात्री ताई बसायची, दिवसा मी. काम काय, तर सलाईनचे थेंब बघायचे आणि नर्सने चिठ्ठी दिली की औषधं आणायला धावायचं. बाप समोर पडलाय आणि आपल्या हातात काहीच नाही. त्या चार दिवसांत मी स्वतःला जेवढा निकामी वाटलो, तेवढा कधीच वाटलो नव्हतो.

तीनच्या सुमाराला अण्णांचे हात हलले...

दोन्ही हात हवेत. बोटं टेप धरल्यासारखी.

"सरळ उभे राहा. श्वास रोखू नका."

ते भिंतीकडे बघत होते. खाट आणि भिंत यांच्यात वीतभर जागा.

तिथे कुणीच नव्हतं.

"छाती चव्वेचाळीस. पोट अठ्ठेचाळीस. पाठीला पोक आहे, मागे अर्धा इंच जास्त."

चूक झाली ती इथे. आमच्या दुकानात अण्णा माप बोलतात, मी लिहितो. थांबायचं नाही, परत विचारायचं नाही. लहानपणी यावरून भरपूर टपल्या खाल्ल्यात. हाताने आपोआप पेन काढलं आणि एक्स-रेच्या पाकिटावर आकडे उतरवले.

आणि माप लिहून झालं की गिऱ्हाईक आपलं. मग ते काम परत करायचं नाही, हा अण्णांचा शिरस्ता.

नर्स म्हणाली, "भ्रमात बोलतात पेशंट. मनावर घेऊ नका."

मी घेतलं नाही.

मंगळवारी सकाळी आलो, तर शेजारची खाट रिकामी... गादी गुंडाळलेली.

तिथे एक निवृत्त ड्रायव्हरकाका होते. हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, त्याच दिवशी घरी जायचे होते. पहाटे गेले. झोपेतच.

काकांचं सुटलेलं पोट मी दोन दिवस बघत होतो. पोक आलेली पाठही. टेलरची नजर आहे, अर्ध्या इंचाचीही चूक होत नाही.



त्या दुपारी अण्णा पुन्हा भिंतीकडे वळले.

"बाई, हात जरा वर घ्या... छाती छत्तीस. उजवा दंड बारा, डावा साडेअकरा."

मी लिहिलं. का लिहिलं, विचारू नका. अण्णा बोलले आणि हात चालला.

संध्याकाळी फरशी पुसणाऱ्या मावशी आल्या. तोंडाने अखंड टकळी. "काय टेलरसाहेब, माझा ब्लाउज कधी शिवताय?"

पोचा पिळताना त्यांचा उजवा हात माझ्यासमोर आला. वर्षानुवर्षं फरशी पुसून दंड भरलेला...

अर्धा इंच.

काय बोलणार होतो मी? मावशी, आज घरी जाऊ नका? त्या हसत निघून गेल्या.

बुधवारी त्या आल्या नाहीत. बसमध्येच कोसळल्या, जागीच गेल्या म्हणे.

बुधवारी दुपारी मी पेन खिशातून काढून टाकलं. अण्णांची तब्येत जास्तच बिघडली होती. आणि तीनला हात उठले...

या वेळी हात खाली होते. खाटेच्या कठड्याएवढ्या उंचीला.

"छाती अठ्ठावीस. खांदा साडेबारा. बाही अठरा. डावा खांदा पाव इंच उतरता."

मी हात मागे बांधले.

"लिही."

"अण्णा, नको."

"लिही ना रे. गिऱ्हाईक ताटकळलंय."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उशाशी लावलेलं मशीन किंचाळायला लागलं. श्वास अडकला. नर्स धावत आली, डॉक्टरांना हाका मारू लागली. मला म्हणाली, "ते म्हणतात ते करा ना. उगाच वाद कसले घालताय?"

मी बापाकडे बघितलं. नर्सचंच पेन घेतलं आणि त्याच पाकिटावर लिहिलं.

शेवटचा आकडा लिहिला आणि मशीन शांत झालं. अण्णा झोपले. उठले ते शुद्धीवर. आठवड्यात घरी आले.

खरं सांगतो, लिहिताना मी हिशोब केला होता. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. छाती तेवीस. म्हणजे ती नव्हे. दुसऱ्या कुणाचं तरी पोर. माझा जीव भांड्यात पडला होता. याची लाज वाटते, पण पडला होता.

पाकीट मी जाळलं. आकडे जात नाहीत.

अण्णा आजही दुकानात बसतात. त्यांना यातलं काही आठवत नाही म्हणतात. नातीचं माप घ्यायला मात्र तेही कधी पुढे होत नाहीत. मी कारण विचारलेलं नाही.

मुलगी आता अकरा वर्षांची आहे. तिला मी तयार कपडेच आणतो. बायको चिडते, "टेलरच्या पोरीला दुकानातले कपडे! लोक तोंडावर हसतात."

गेल्या रविवारी बायकोने स्वतःच टेप उचलला. आतल्या खोलीतून आकडे सांगू लागली.

"खांदा साडेबारा... बाही अठरा... अहो, दप्तराने हिचा डावा खांदा उतरलाय थोडा."

मी दारापाशी गेलो.

"आणि छाती?"

"सत्तावीस."

एक इंच.

रात्री जेवताना मुलीने ताट पुन्हा पुढे केलं. बायको कौतुकाने म्हणाली, "भूक बघा पोरीची. भराभर मोठी होतेय."

मी तिच्या ताटात वाढलं. उपाशी कसं ठेवणार तिला?