गारांची शक्यता

विंचूरच्या कांदा मार्केटबाहेर मी चहा मागितला, तर शेजारी उभा असलेला टेम्पोवाला वळून बघायलाच लागला.

“हवामानवाल्या मॅडम ना तुम्ही? आवाज वळखीचा हाय.”

रोज सकाळी आसपासच्या गावांत, प्रत्येकाच्या मोबाइलवर, हवामानाचा सल्ला माझ्याच आवाजात जातो. मी जरा ताठ झाले.

“मागं तुम्ही पाऊस सांगितला. मी कांदा झाकून ठेवला. कांद्याला घाम फुटला, पण थेंब नाय पडला.”

“मी ‘शक्यता’ म्हटलं होतं.”

“आमाला ‘येईल’ नायतर ‘येणार नाय’, एवढंच कळतं.”

“मग ‘शक्यता’ही शिका की.”

तो हसला… हसताना त्याचा एकच डोळा मिटायचा. नाव राकेश. त्या दिवसापासून माझ्या सल्ल्याखाली रोज त्याचा मेसेज — ‘आज शक्यता किती, मॅडम?’ आणि मग एकदा — ‘बहिणीची हळद हाय. आभाळ कसंबी असू द्या, तुम्ही या.’

गेले. पिवळी साडी नेसून गेले. एप्रिलचं ऊन रणरणत होतं. गाव सगळं मांडवात आणि काढलेला कांदा शिवारात उघडा. बायका माईकवर उखाणे घेत होत्या… तोच माझा फोन थरथरला. तासाभरात गारांची शक्यता.

आभाळ तर घासल्या ताटासारखं लख्ख. पुन्हा खोटी ठरले, तर माझा आवाज कोण ऐकणार? आणि गप्प बसले तर…

मी माईक घेतला.

“अगं बया, मॅडम लग्नाआधीच नाव घेत्यात,” नवरीची मावशी म्हणाली.

“हळद लागली नवरीला, ढग लागतील रानाला,
गारा यायच्या आधी झाका उघड्या कांद्याला.”

“अन् नाव कुठंय?” मांडव हसला.

“हा उखाणा नाही, इशारा आहे. लगेच निघा. विजा चमकल्या तर झाडाखाली थांबू नका, घर गाठा.”

कुणी हलेना. पुढं बसलेले गावातले म्हातारे भिमाजी आप्पा म्हणाले, “मागच्यासारखंच व्हायचं, पोरी.”

तसा राकेश उठला. गालांवर हळद तशीच. “झालं तर झालं, आप्पा. ताडपत्री काय वाया जात नाय.”

तो निघाला, अन् त्याच्यामागे अख्खा मांडव.

कांदा झाकून शेवटचा माणूस घरात शिरला आणि पत्र्यावर गारा तडतडल्या. आप्पांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझी मान अशी कधीच वर झाली नव्हती.

राकेश भिजून समोर उभा. हळद ओघळून शर्टभर झालेली. मुठीतली गार त्यानं माझ्या तळहातावर ठेवली.

“उखाण्यात नाव राहिलं, मॅडम… माझं यायची शक्यता किती?”

गार विरघळत होती. मी मूठ मिटली.

“‘शक्यता’ तुम्हाला कळत नाही ना?” मी म्हटलं. “मग ऐका… येईल.”