टाकीतले दोन ठोके

शारजातल्या रोल्ला भागातल्या आमच्या खोलीत तहा, रोनित आणि माझी जेवणं उरकली होती. दगडूमामा पलंगावर मांडी घालून बसले. मामा खेडचे, वीस वर्षं इथे तेलाच्या टाक्या साफ करणाऱ्या टोळीचे फोरमन. त्यांनी सांगितलं ते असं.

“वसईचा ट्रॉय तुस्कानो माझा धाकटा दोस्त. हॉटेलात माइक-स्पीकर सांभाळायचा आणि सुट्टीला यंत्रांचे आवाज टिपून लॅपटॉपवर त्यांचं संगीत करायचा. एसीच्या चिलरची घरघर, लिफ्टचा दोर, असलं. बारा वर्षं लोक हसले. एकदा कार्यक्रमाला सात माणसं, त्यातली पाच मध्येच उठली. आई फोनवर विचारायची, ‘पोरा, गाणं कधी करशील?’ हा म्हणायचा, ‘आई, हेच गाणं आहे.’ शेवटी शारजातल्या एका गॅलरीने त्याला एक संध्याकाळ दिली. पहिलीच. त्यासाठी त्याला रिकाम्या टाकीतला घुमणारा आवाज हवा होता. तेलाच्या टाक्यांच्या एका बंद पडलेल्या यार्डाची चावी सफाईच्या कामामुळे माझ्याकडे होती. म्हटलं, यल्ला, चल.

“गेल्या जानेवारीतला दुसरा गुरुवार. रात्री एक वाजून वीस मिनिटं. ट्रक थांबले की आवाज स्वच्छ येतो, म्हणून ती वेळ. त्याने आत माइक ठेवला आणि बाहेर आला. वारा शिरू नये म्हणून मी झाकण लावायला घेतलं. आणि हाताची सवय... पान्याने तीन ठोके मारले.”

“ते कशाला?” तहाने विचारलं.

“झाकण आवळण्याआधी मारायचेच असतात. आत कोणी राहिला असेल तर तो उलट दोन मारतो. काहीच आलं नाही, की मगच बोल्ट.”

मामांनी पलंगाच्या कडेवर बोटाने दोनदा ठोकलं.

“दोन आले.”

“मामा, इको असेल,” रोनित हसला.

“हबीबी, तीन मारले तर इको तीनच येतो.”

मग कोणी हसलं नाही.

“टॉर्च मारला. रिकामी. माइक तेवढा. झाकण टेकवलं. पुन्हा तीन. पुन्हा... दोन. म्हटलं, ट्रॉय, खलास, निघू. तो हेडफोन लावून वाळूत बसला. ‘तुम्ही गाडीत बसा. आत जो आहे तो बोलतोय. मी ऐकणार.’ तासभर बसला. एकटा.

“गॅलरीच्या शहनाझ मॅडमनी रेकॉर्डिंग ऐकलं. ‘ट्रॉय, वो नॉक निकाल दो. सामने स्पॉन्सर बैठेंगे. नहीं तो यहाँ ये तुम्हारा आखिरी शो.’

“‘आखिरी तो आखिरी,’ हा म्हणाला.

“मी बाहेर त्याला झापलं. अरे, बारा वर्षांनी दार उघडलंय. काप की दोन ठोके! तुझं काय जातंय?

“त्याने विचारलं, ‘मामा, दोन ठोके ऐकून तुम्ही कधी झाकण लावलंय?’

“मी मानेनेच नाही म्हटलं.

“‘मग मला का सांगता?’

“कार्यक्रमाच्या शनिवारी हॉल भरला. पंधराव्या मिनिटाला ठोके आले. पुढची रांग उठली. मॅडमनी लांबूनच खूण केली, बंद कर. ट्रॉयने त्यांच्याकडे बघितलं... आणि आवाज वाढवला.

“दोन.

“पुन्हा दोन.

“त्याने शेवटपर्यंत वाजवलं. टाळी एकही पडली नाही. तो मान ताठ ठेवून उभा. त्या गॅलरीने त्याला परत बोलावलं नाही, ते नाहीच.”

“मग?” रोनितने विचारलं.

“मग सगळे गेले. आम्ही दोघं वायरी गुंडाळत होतो. पांढरी फरशी, दुपारीच पुसलेली. मोठ्या स्पीकरपाशी ट्रॉय थांबला. मला नुसतं बोटाने दाखवलं...

“गंजाचे दोन ठसे. टाकीत उतरताना आम्ही घालतो तसल्या सेफ्टी शूजचे; त्या दिवशी आम्हा दोघांच्या पायात ते नव्हते. टोकं स्पीकरकडे.

“दारातून आलेलं पाऊल नव्हतं. दाराकडे गेलेलंही नव्हतं.”