चौगुल्यांचा आकडा

प्रा. वासंती उपळेकर पाव घ्यायला शिरल्या त्या बेकरीच्या दारावर हिरवा अकरा झळकत होता. समोरच्या बेकरीवर लाल तीन होता. तिथे चिटपाखरूही नव्हते.

धंदा अजून किती वर्षे टिकेल ते सांगणारा हा आयुरंक वासंतीबाईंच्याच गणितातून निघाला होता. विजेचा वापर, मालाची ये-जा, कामगारांची हजेरी यांवरून यंत्र तो काढी. वीस वर्षे अर्थशास्त्र शिकवून जे नाव झाले नाही, ते या आकड्याने झाले. बंद पडतील म्हणून सांगितलेल्या सहाशे बारा कारखान्यांपैकी सहाशे नऊ सांगितलेल्या वर्षीच बंद पडले. आता सल्ल्यासाठी कंपन्यांची रांग लागे.

कचेरीत भरमू चौगुले वाट पाहत बसले होते. शिरोलीत त्यांची लोखंड ओतायची फौंड्री होती.

"मॅडम, आमच्या भट्टीला दोनच वर्षं? मरायला टेकलोय व्हय आम्ही?"

"तुमचा विजेचा आलेख दर एप्रिलमध्ये शून्यावर येतो, चौगुले. शेवटच्या घटका मोजणाऱ्या कारखान्यांचा असाच येतो."

"एप्रिलात? अहो, यात्रा असती की! सगळे कामगार एकाच गावचे. अकरा दिवस भट्टी गार. वडलांपासनं चालत आलंय."

वासंतीबाईंनी रकाने उघडून पाहिले. यंत्रात यात्रेचा रकानाच नव्हता. त्यांनी तो कधी घातलाच नव्हता.

त्यांनी लगेच दुरुस्ती केली. "आता बघा, वीसच्या वर जाईल."

चौगुले खुर्चीच्या टोकाशी सरकले. पडद्यावरचा आकडा हलला.

एक.

वासंतीबाईंनी पुन्हा पुन्हा तपासले. गणित बिनचूक होते. लाल आकडा पाहून तीन महिन्यांत दोन मोठी गिऱ्हाइके तुटली होती, सतरा कामगार दुसरीकडे लागले होते. यंत्राने तेवढेच मोजले होते. चुकीचा आकडा आता खरा झाला होता. फौंड्री बंद पडली की बरोबर आलेल्या अंदाजांत तोही धरला जाणार होता.

"चूक माझी आहे," त्या कशाबशा म्हणाल्या. "तुमच्या गिऱ्हाइकांना मी पत्र लिहिते."

"पत्र कोण वाचतंय? दारावरचं वाचत्यात."

चौगुले उठले. दाराशी भिंतीवर वासंतीबाईंचे मानपत्र होते. त्यातल्या 'सहाशे नऊ'च्या ओळीवर त्यांनी बोट टेकवले.

"मॅडम, ह्या सहाशे नवांतले किती जण नुसते यात्रेला गेलते?"