छत्रीची काडी आणि तपकिरी सत्त्व

"मावशी, आज तरी टेकडीवर जायचं ना?" टिटूने पायांत बूट चढवूनच विचारले.

मावशीने सूक्ष्मदर्शकावरचा डोळा हलवला नाही. "पेशी पुन्हा वाढल्या गं! प्रयोग फसला. जमला की लगेच जाऊ."

टिटूने मुकाट्याने बूट काढले. सुट्टीला आल्यापासून हेच चालले होते. प्रयोगशाळेच्या त्या लांबलचक मार्गिकेत तिच्या सोबतीला केवळ तिच्याच पावलांचा आवाज असे. पहारेकऱ्याची मुले, ढब्बू आणि पिंगी, खेळावयास येत. परंतु आईची हाक आली की धूम ठोकीत. टिटूला हाक मारणारे तेथे कोणीच नव्हते.

मावशीने तिला एकदा समजावले होते. रोगट पेशींना वाढीसाठी लोह लागते. हळदीतले पिवळे सत्त्व ते लोह घट्ट धरून ठेवते. मग पेशी उपाशी राहतात आणि त्यांची वाढ खुंटते. येथे मात्र त्या खुशाल वाढत होत्या!

"माप चुकतंय तुझ्या मावशीचं," सत्त्व कालवून देणारे काका ऐटीत म्हणाले आणि निघून गेले.

इतक्यात ढब्बूबरोबर खेळायला आलेली पिंगी सत्त्वाच्या बाटलीकडे पाहून ओरडली, "अगं, हे पिवळं कुठंय? तपकिरी झालंय की!"

"सकाळी पिवळंधमक होतं!" टिटू थबकली. "मग काकांनी ढवळलं..."

"चला, काकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवू!" ढब्बूने डोळे मिचकावले.

मुलांनी मावशीकडून ताजे सत्त्व दोन पेल्यांत मागून घेतले. एक टिटूने नव्या काचेच्या कांडीने ढवळला.

"काका, दुसरा तुम्ही ढवळा ना! तुमच्यासारखं आम्हाला कुठलं जमायला?"

"जमेल कसं? हातगुण लागतो!" काका फुलून गेले आणि त्यांनी खिशातून मोडक्या छत्रीची गंजकी काडी काढली!

"अहो काका, काचेची कांडी कुठंय?"

"फुटली कधीच! ही बघा, आपटली तरी फुटत नाही!"

दुपारपर्यंत काकांचा पेला तपकिरी झाला. टिटूने मावशीला ओढतच आणले. "सत्त्वाला गंजातलंच लोह मिळालं, मावशी! त्याचे हात आधीच भरले. मग ते पेशींचं लोह कसं धरणार?"

"अगं बाई!" मावशीने पेले उजेडात धरून पाहिले.

तिने दोन्ही पेल्यांतले सत्त्व निरनिराळ्या पेशींना घातले. यथावकाश निकाल लागला. तपकिरी सत्त्वातल्या पेशी वाढतच राहिल्या. पिवळ्यातल्या जागच्या जागी थांबल्या!

"शाब्बास, पोरांनो! मी इतके दिवस स्वतःलाच दोष देत होते," मावशी म्हणाली.

काकांनी स्वतःचे कान धरले. "मुलांनो, तुम्ही माझे डोळे उघडलेत!"

तोच बाहेरून आईची हाक आली. ढब्बू आणि पिंगी पळाली. काकाही खाली मान घालून गेले.

"आता मागचं सगळं पुन्हा करायला हवं," मावशी सूक्ष्मदर्शकाकडे वळत पुटपुटली.

म्हणजे टेकडी राहिलीच! टिटू निमूटपणे दाराकडे निघाली. मार्गिका नेहमीसारखीच रिकामी होती.

"टिटू! ए टिटू!"

ती गर्रकन वळली. मावशीने स्वतःच्या शेजारी दुसरे स्टूल ओढले होते. तिच्या हातात काचेची कांडी होती.

"निघालीस कुठे? मग ढवळणार कोण?"