आराम पडेल

"अगं, ती काठी तरी दे हातात! मी काय परकी आहे का तुला?"

पलंगावर पाय पसरून बसलेल्या सासूबाईंचा तो कातर स्वर ऐकून दारातल्या सुनेच्या काळजाचं पाणी पाणी झालं... पण ती जागची हलली नाही! काठी जवळच होती. पाय खाली सोडून, गुडघा जरासा वाकवला की हाताला आली असती. शस्त्रक्रियेनंतरच्या या दिवसांत तो वाकला नाही तर कायमचा आखडेल, असं घरी व्यायाम करवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टने तिला बजावलं होतं. आणि सासूबाई तर सगळं हातात मागून घेऊन दिवसभर पडून राहत होत्या.

नेमकी त्याच वेळी नणंद आत आली.

"शाब्बास वहिनी! माझी आई रडतेय आणि तू मजा बघतेस? याचसाठी नोकरी सोडलीस होय?"

शब्द जिव्हारी लागले. चष्म्याच्या दुकानातली जीव लावून केलेली नोकरी जिच्यासाठी सोडली, तिच्याच लेकीने असं बोलावं...! ओठांवर आलेलं सगळं गिळून ती एवढंच म्हणाली, "ताई, त्यांचं त्यांनी उठायचं, असं मास्तरांनी सांगितलंय."

त्या तरुण फिजिओथेरपिस्टला सासूबाईंनीच गमतीने 'मास्तर' हे नाव दिलं होतं.

"खोटं!" सासूबाई उसळल्या. "महिनाभर आराम, असं तोच म्हणाला. या कानांनी ऐकलंय मी!"

थोड्याच वेळात मास्तर आले, तेव्हा त्यांची दारातच उलटतपासणी झाली. ते गोंधळले.

"आजी, मी म्हणालो, व्यायाम केलात तर महिन्याभरात आराम पडेल. म्हणजे बरं वाटेल! पडून राहा असं कुठे म्हटलं?"

नणंदेला हसू आवरेना. सासूबाईही हसल्या, पण हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "जन्मभर पहिलीच्या पोरांना ओरडले, वाक्य पूर्ण ऐका म्हणून. आणि मीच अर्धं ऐकून या पोरीला दोष देत बसले!"

सून त्यांच्या पायाशी बसली. "आई, मुलाचा हात धरून गिरवून घेतलं, तर ते अक्षर कोणाचं?"

"बाईंचं... मुलाचं नव्हेच ते."

"मग हा पाय तुमचाच राहू दे ना!"

सासूबाईंनी तिचा चेहरा ओंजळीत धरला. नणंद पुटपुटली, "चुकले गं वहिनी..."

मास्तर म्हणाले, "ताण बसला तर चालेल, पण कळ आली की थांबायचं आणि कुठे, कशी आली ते मला सांगायचं. मी काय, येऊन जाऊन असतो. खरी मेहनत तुमची. बरं, या पायाने तुम्हाला काय करायचंय?"

"हिला दुकानात परत पाठवायचंय!"

त्या दिवसापासून सासूबाईंनी गुडघ्याला वात्रट पोरासारखं धारेवर धरलं. "वाक रे, नाटकं पुरेत!" नणंद मदतीला धावली की तिलाच दटावायच्या, "बस खाली, माझी परीक्षा चालू आहे!" दुखलं की कधी रडायच्या, कधी चिडायच्या... पण रोज, न सांगता, पुन्हा सुरुवात करायच्या.

आणि एके सकाळी सून खरोखरच कामावर निघाली. रस्त्याच्या वळणापर्यंत पोहोचली, तोच मागून हाक आली, "अगं थांब! डबा विसरलीस!"

तिने वळून पाहिलं. हाक वरच्या खिडकीतून आली नव्हती... सासूबाई खाली, रस्त्यावर उभ्या होत्या!

ती धावत मागे आली. "आई! जिना उतरलात? एकट्या?"

"मास्तरांनी शिकवलंय, कठड्याला धरून. मग काय, डबा उडत येणार होता?" धापा टाकत, घामेजल्या चेहऱ्याने हसत त्यांनी डबा तिच्या हातात ठेवला आणि तिचा हात तसाच घट्ट धरून ठेवला. "फार घेतलं गं तुझ्याकडून... थोडं मलाही देऊ दे."